कोयनेच्या खोऱ्यात पहिला मुक्काम: डोंगरातल्या घरी राहायला जाणाऱ्या नवख्यांसाठी

कास, बामणोली, तापोळा, शेंबडी या पट्ट्यात आता बऱ्याच जणांनी राहत्या घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. दगडी जोतं, वर पत्रा नाहीतर कौलं, पुढं पडवी, मागं गोठा आणि अंगणाच्या कडेला पेटवायचा बंब, असा साधारण थाट. साताऱ्याहून सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचता येतं, त्यामुळे लोक फारसा विचार न करता निघतात आणि पोचल्यावर नेटवर्क नाही, शॉवर नाही, रात्री आठला गाव चिडीचूप म्हणून गोंधळतात. हा लेख त्यांच्यासाठी. या खोऱ्यात दोन गोष्टींचं राज्य आहे, काळा कातळ आणि पाऊस. त्या समजून घेतल्या तर कुठल्या महिन्यात जायचं, पिशवीत काय टाकायचं, पाणी कुठलं प्यायचं आणि कुठं पाय ठेवायचा नाही, हे निम्मं आपसूक कळतं.

पहिल्यांदा दगड ओळखा

आपण राहणार तो सगळा डोंगर लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि त्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर निवायचा, मध्ये काही काळ जायचा, मग त्यावर दुसरा. भाकऱ्यांची चवड लावावी तसे हे थर एकावर एक बसले आणि सह्याद्री उभा राहिला. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोकं पाडली, तेव्हा हा काळा दगड संपून खालचा ग्रॅनाइट लागायला किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं. तेव्हा कुणी एखादा गोल खळगा दाखवून 'हे ज्वालामुखीचं तोंड' असं सांगितलं तर मान डोलवा आणि पुढं चला. इथं शंकूसारखा डोंगर नव्हता आणि तोंडही नव्हतं. समोरचं शिवसागर तळंही ज्वालामुखीचं नाही. ते कोयना धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे.

राहायला जाणाऱ्याला याचा उपयोग काय? पुष्कळ आहे. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, असतो. त्यावर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात सडा पाण्यानं डबडबतो आणि डिसेंबरात खडखडीत वाळतो. माती धुऊन खाली येते ती घळीत आणि उतारावर साठते, म्हणून दाट जंगल तिथं. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी तांबडा पट्टा दिसतो. त्यातून पाणी सहजी खाली जात नाही, मग ते आडवं वाहतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. रस्त्याच्या कापलेल्या कडेला हा पट्टा अगदी हाताला लागतो. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, मधली माती नखानं उकरली तर गेरूसारखी बोटाला लागते, आणि नोव्हेंबरातसुद्धा तिच्या वरच्या कडेला शेवाळ ओलं असतं. जुन्या वाड्या अशाच झऱ्यांच्या आसऱ्यानं वसल्या. तुम्ही उतरणार त्या घराचं पाणी बहुधा अशाच झऱ्यातून नळी टाकून आणलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ते बारीक होतं. घरमालकीण बादली मोजून देत असेल तर तो कंजूषपणा नव्हे.

महिना ठरवा

सातारा शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोयनानगरला पाच हजारांच्या घरात, महाबळेश्वरला त्याहूनही जास्त. थोड्याच अंतरात एवढा फरक, म्हणून साताऱ्यात ऊन बघून निघालेला माणूस यवतेश्वरच्या पुढं धुक्यात हरवतो.

पहिल्याच मुक्कामाला जात असाल तर मी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी एवढाच काळ सुचवेन. झरे चालू असतात, वाटा वाळलेल्या असतात, जळवा नसतात आणि तळ्यापलीकडच्या वासोटा किल्ल्याचं जंगल उघडलेलं असतं. थंडी मात्र मोजून घ्या. रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात उतरते, त्यामुळे पाण्याकाठच्या घरात पहाटे माथ्यापेक्षा जास्त हुडहुडी भरते आणि नऊ वाजेपर्यंत धुकं हलत नाही. 'खाली आहे म्हणजे उबदार असेल' हा हिशेब इथं चालत नाही.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा कासच्या फुलांचा. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं बहरात असतात. पठाराचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं आणि रोज किती माणसं सोडायची यालाही मर्यादा आहे. शनिवार-रविवारी रस्ता गच्च होतो, कधी वाहतूक एकेरी करतात. मुक्काम बामणोलीकडं आणि पठार पाहायचं मधल्या वारी सकाळी, असं जमलं तर उत्तम. मुक्कामवाल्याला हाच फायदा, तो घ्यावा.

जून ते ऑगस्टबद्दल मी थोडा कडक बोलतो. धुकं, धबधबे, चहा-भजी यांचे फोटो बघून लोक निघतात. पण जुलै २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या मीरगाव, आंबेघर आणि ढोकावळे इथं दरडी येऊन घरं गाडली गेली. उतारावरची माती पाणी पिऊन जड झाली की खालच्या गुळगुळीत कातळावरून घसरते. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी बुडू द्यात. अलर्ट नसेल आणि जाणारच असाल, तर घर कड्याच्या पायथ्याला किंवा ओढ्याच्या तोंडाशी आहे का, एवढं आधी विचारा.

मे महिन्यात ऊन भाजतं, पण करवंदं, जांभळं मिळतात आणि वळवाचे एक-दोन सडाके झाले की महिनाअखेरीला झाडं काजव्यांनी लुकलुकतात. तळ्याचं पाणी तेव्हा खूप आटलेलं असतं.

फोन लावा, पण फक्त भाडं विचारू नका

खोलीचा फोटो बघून पैसे भरायचे आणि मग थेट जायचं, असं करू नका. मालकाशी बोला. बोलण्यावरून घर कळतं.

"दादा, गरम पाणी मिळेल ना?"

"मिळंल की. बंब पेटवतो. पर सातच्या आत अंघोळी उरका, मग बाया चुलीकडं लागत्यात."

असं उत्तर आलं की समजायचं, खरं घर आहे आणि माणूस सरळ आहे. 'चोवीस तास गरम पाणी, फुल नेटवर्क, नो प्रॉब्लेम' असं ऐकू आलं तर दोन प्रश्न जास्त विचारायचे.

विचारायचं ते असं. भाडं माणशी की खोलीमागं, आणि त्यात जेवणं किती? संडास घराला लागून आहे की अंगणापलीकडं? घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर हा प्रश्न पहिला. गाडी दारापर्यंत येते की शेवटचा तुकडा पायी आहे? लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? रात्री खाटेवर झोपायचं की खाली अंथरूण? जंगलात सोबत येणारा गावातला माणूस मिळेल का? आणि घराची पर्यटन खात्याकडं नोंद आहे का? न्याहारी-निवास योजनेत किंवा कृषी पर्यटन केंद्र म्हणून अशी नोंदणी होते. नोंद नाही म्हणून घर वाईट असं नाही, पण तळ्याकाठी परस्पर तंबू ठोकून 'कॅम्पिंग' विकणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. ते वनखात्याच्या हद्दीत बसले असतील तर अर्ध्या रात्री उठावं लागतं आणि भांडण तुमच्या वाट्याला येतं.

जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. इथं फ्रीज उघडून काही काढत नाहीत. कोंबडी हवी असेल तर ती कुणाच्या तरी खुराड्यातून आणायची असते. माझं मत विचाराल तर पहिल्या रात्री कोंबडीच्या मागं लागू नका. नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा आणि मिळालं तर तळ्यातल्या माशाचं कालवण, यापुढं बाकी सगळं फिकं आहे. पावसाळी दिवसांत कुर्डू, भारंगी, टाकळा अशी रानभाजी मागून बघा. पाहुण्याला आवडेल की नाही या संकोचानं ती बऱ्याचदा वाढत नाहीत.

परवानगीचं बघून घ्या

कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, आणि २०१० पासून ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. म्हणजे बामणोलीच्या पलीकडच्या काठावरचं जंगल फिरायला मोकळं नाही. वासोट्याला जायचं तर बामणोलीतच वनखात्याची परवानगी घ्यायची, ओळखपत्राची प्रत द्यायची आणि मग लाँच ठरवायची. लाँचचं भाडं बोटीमागं असतं, त्यामुळे दोघंच असाल तर सकाळी घाटावर दुसरी मंडळी शोधा आणि वाटून घ्या. पलीकडं मेट इंदवलीला वनखात्याचे लोक पिशव्या तपासतात. प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात, येताना तेवढंच परत दाखवायचं. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. पावसाळ्यात तो बंद असतो.

सांगलीकडच्यांना चांदोली जवळ पडतं. शिराळा, कोकरूड करत वारणावतीला जायचं. तिथला नियम जास्त कडक आहे, उद्यानात पायी भटकायचं नाही, आणि पावसाळ्यात दार बंद. शांतता मात्र बामणोलीपेक्षा कितीतरी जास्त.

पिशवीत काय

रोख पैसे. हे सगळ्यात आधी, कारण नेटवर्क नसलं की क्यूआर कोड नुसता भिंतीवर शोभेला राहतो. साताऱ्यातच पैसे काढा, पेट्रोलही तिथंच भरा.

मग बॅटरी, माणशी एक. मोबाईलचा उजेड चालत नाही, कारण संडासला जाताना एका हातात पाण्याचं टमरेल असतं. तळाला खाचा असलेले बूट घ्या. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट शूज ओल्या काळ्या दगडावर दगा देतात, आणि चप्पल ही फक्त अंगणापुरती. लांब बाह्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे, थंडीत कानटोपी. घरात वाकळ-घोंगडं भरपूर असतं, पण घोंगड्याची सवय नसेल तर अंगाला टोचतं, म्हणून आतून घ्यायला एक चादर. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. पाण्याची स्टीलची बाटली. मीठ आणि हळद पुडीत बांधून घ्या, कशाला ते पुढं सांगतो.

सेंट, अत्तर, सुगंधी तेल घरी ठेवून या. ब्लूटूथ स्पीकरही.

जाताना

समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट आणि मग पेट्रीमार्गे कास. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर. पुढं रस्ता बामणोलीकडं उतरतो. बामणोलीला साताऱ्याहून एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. येतानाची शेवटची गाडी किती वाजता हे कंडक्टरला जातानाच विचारून ठेवा.

निघण्याची वेळ अशी धरा की सूर्य मावळायच्या दोन तास आधी घरी पोचाल. "पाव्हणं, दिस बुडायच्या आत या," असं मालक सांगतो ते जेवण गार होईल म्हणून नव्हे. अंधार पडला की या रस्त्यावर गवे उतरतात. गवा म्हणजे टनाच्या आसपासचं जनावर, आणि एक दिसला की मागं आणखी पाच-सहा असतात. समोर आला तर गाडी थांबवा, दिवा खाली करा, हॉर्न वाजवू नका आणि खाली तर मुळीच उतरू नका. पिल्लू मागं राहिलं असेल तर आई रस्ता सोडत नाही. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या. कारच्या बॉनेटची किंमत त्याहून जास्त आहे.

तापोळ्याकडून येणारे महाबळेश्वरवरून घाट उतरतात. तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणायची पद्धत पडली आहे. कशाला म्हणायचं कळत नाही, जावळी म्हणून त्याचं नाव पुरेसं मोठं आहे. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. ती आधी कुणाला सहजासहजी का मिळाली नव्हती, हे रस्ता सोडून पन्नास पावलं रानात शिरलं की कळतं.

पोचल्यावर

बूट पडवीत काढा. सामान टाकलं की घरातल्या मावशींना विचारून तीन गोष्टी उजेडात बघून ठेवा: प्यायचं पाणी कुठल्या हंड्यातलं, संडासची वाट कुठून, आणि खोलीचा दरवाजा आतून-बाहेरून कसा लागतो. झऱ्याचं पाणी गोड असतं, पण शहरातल्या पोटाला मानवेल याचा भरवसा नाही. उकळून गार केलेलं मागा. त्यात कुणाला राग येत नाही.

बंब पेटायला वेळ लागतो. पाणी तापलं की तोटीखाली आधी गार पाण्याची अर्धी बादली ठेवायची आणि मग तोटी सोडायची. उलटं केलं तर पहिली धार वाफाळती येते आणि पायावर उडते. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार वरून ओतायचं असतं, नाहीतर मागच्याला काही उरत नाही. लाकूड मोजूनच जाळलेलं असतं.

चुलीपाशी बसायला मजा येते, बसा. पण स्वयंपाकघरात थेट आत शिरू नका, विचारून जा. काही घरांत देव तिथंच असतात. दारूचंही आधी विचारा. पुष्कळ घरांना ते चालत नाही आणि स्पष्ट सांगायला ते लाजतात. शेकोटी मालक म्हणेल तिथं आणि म्हणेल तेव्हाच. फेब्रुवारीनंतर तर नकोच. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांत सगळा पडून जातो, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. मार्चमध्ये जंगलाच्या कडेचं गवत एका ठिणगीनं पेट घेतं आणि वणवा रात्रभर डोंगर चढत जातो.

या घरांत माणसं कमी दिसली तर नवल करू नका. जावळी-पाटणची कित्येक घरं माथाडी कामासाठी मुंबईला आहेत, ती जत्रेला आणि गणपतीला परत येतात. जत्रेच्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत.

रात्र

गादी जमिनीवर असेल तर भिंतीपासून हातभर पुढं ओढा आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. हे डासांसाठी कमी आणि मण्यारीसाठी जास्त. मण्यार रात्री उंदीर, पाली, दुसरे साप शोधत फिरते आणि झोपेत चावली तर कधी कधी कळतही नाही. सकाळी बूट झटकूनच घालायचे. लाकडाच्या ढिगात, दगडी बांधाच्या भोकात हात घालायचा नाही. सडा आणि खडकाळ उतार ही फुरशाची जागा. ते छोटं असतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं.

कुणाला साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी, कडं, बूट काढा. चावलेला हात किंवा पाय काठी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन लावून सरळ दवाखान्याच्या दिशेनं निघा. विषावरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळतं, मोठं ठिकाण म्हणजे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. साप मारून सोबत न्यायची काही गरज नसते. फोन कुठल्या कोपऱ्यात लागतो ते संध्याकाळीच विचारून ठेवा. बहुतेक घरांत एखादा कट्टा किंवा गोठ्यामागचा दगड असतो, तिथं सगळं गाव बोलायला उभं राहतं.

रात्री फळीवरची भांडी अचानक खणखणली तर घाबरू नका, पण पडूनही राहू नका. कोयनेत धरण भरल्यापासून लहान धक्के बसत आले आहेत. मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बसला होता, कोयनानगर तेव्हा उद्ध्वस्त झालं. भांडी वाजली की अंगणात या, भिंतीपासून आणि कौलांच्या वळचणीपासून लांब. घरातली म्हातारी कूस बदलून परत झोपेल. तिचं ऐकू नका.

सकाळी जंगलात

एकटं जायचं नाही आणि उजाडायच्या आधीही नाही. अस्वल या खोऱ्यात आहे. ते तुमच्या मागं लागत नाही, पण वळणावर अचानक समोरासमोर आलं तर अंगावर येतं. सोबत गावातला माणूस घ्या आणि त्याला त्याचा दिवस बुडाल्याचे पैसे द्या, चहापाण्यावर भागवू नका. तो नसेल तर ढोरवाटा आणि खरी वाट यातला फरक तुम्हाला कळणार नाही.

आत शिरलं की पहिल्यांदा उजेड बदलतो. अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांचं छप्पर वर जुळलेलं असतं आणि खाली कारवीची दाटी. तरी सिनेमातल्या परदेशी जंगलाची अपेक्षा ठेवू नका. झाडं ठेंगणी, वाकडी, फांद्यांवर शेवाळ आणि आमरी, म्हणजे ऑर्किड. पातळ माती, जोराचा वारा आणि आठ महिन्यांची कोरड सोसून जे उभं राहतं ते असंच दिसतं. वर फांद्यांत शेकरू सापडतं, आधी त्याचा आवाज येतो, मग तपकिरी झुपकेदार शेपूट. वाघाच्या आशेनं येणाऱ्यांनी आशा घरी ठेवावी. गव्याचं शेण, अस्वलानं उकरलेली वारुळं, झाडावरचे नखांचे ओरखडे हे मात्र वाटाड्या दाखवतो, आणि ते बघायला खरंच मजा येते.

जळवांचं आता. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे त्या वाटेवरच्या पानांवर उभ्या असतात. मोजे पॅन्टवरून ओढा, घोट्याजवळ मीठ-हळद चोळा. गावातले तंबाखूचं पाणी लावतात, तेही चालतं. लागलीच तर ओढून तोडू नका. नख कातडीला लावून तिच्या तोंडाखालून सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ थांबत नाही, कारण ते गोठू नये असं काहीतरी ती सोडते. धुवा, कापूस दाबून धरा, पुढं चला. जळू विषारी नसते. ओरडून तिचं काही होत नाही, पुढं बसलेलं भेकर मात्र उठून जातं.

हिवाळ्यात जळवा जातात आणि खाजकुइली येते. वेलीवर तपकिरी लवदार शेंगा लोंबतात, वाऱ्यानं त्यांची कुसं उडतात. अंगाला लागली तर चोळू नका. चोळली की ती पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणानं धुवा.

या सगळ्यांहून मला भीती आग्या मोहोळाची वाटते. कड्यांवर आणि उंच झाडांवर त्यांची मोठी पोळी असतात. धूर, आरडाओरडा, दगड मारणं आणि उग्र सेंट यांनी ती उठतात. उठली तर हात हलवत उभं राहू नका, डोकं-तोंड कपड्यानं झाकून दाट झाडीत शिरा किंवा घराकडं पळा. तळ्यात उडी मारू नका.

सड्यावर फिरताना मळलेल्या वाटेवरूनच चाला. पाणी साचलेल्या जागी दवबिंदू आणि सीतेची आसवं दिसली तर गुडघ्यावर बसून जवळून बघा. मातीत पोषण नाही म्हणून ही झाडं किडे आणि पाण्यातले बारीक जीव धरून खातात. फूल तोडायचं नाही, गारगोटीचे चमकते दगडही खिशात टाकायचे नाहीत.

तळ्यावर

लाँचमध्ये लाईफ जॅकेट मागून घ्या, आणि ते अंगात घाला, बसायला घेऊ नका. पोहण्याचा मोह टाळा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे आणि काठ पायऱ्यापायऱ्यांचा नाही, दोन पावलांत तळ सुटतो. खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. हिवाळ्यानंतर पाणी उतरतं तसा काठाला गाळ उघडा पडतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत जातो. एप्रिल-मेमध्ये बोटीपर्यंत बरंच खाली उतरावं लागतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना बोटीचा हट्ट नको.

निघताना

आदल्या रात्रीच हिशेब मागा. सकाळी मालक दूध घालायला किंवा रानात गेलेला असतो आणि घरच्या बाईंना आकडा माहीत नसतो. घासाघीस करायची ती फोनवर ठरवताना, जेवून झाल्यावर नाही. नाचणी, हिरडा, तांदूळ, मध असं काही घरचं असेल तर विकत घ्या. मधाची खात्री हवी असेल तर महाबळेश्वरकडच्या मांघरला वळसा घाला, ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे. कंदी पेढे साताऱ्यातच घ्या.

प्लास्टिक आणि डायपर, सॅनिटरी पॅड परत साताऱ्यात न्या. वाडीत कचऱ्याची गाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं एकतर जाळतात नाहीतर ओढ्यात जातं.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. मालकाचा नंबरही तिथंच, आणि त्याच्या शेजाऱ्याचाही, कारण दोघांपैकी एकाचाच फोन एका वेळी लागतो.